इशारा सगळ्यांपर्यंत पोहोचायचा तर

पावसाळ्यात कोयना धरणाचे वक्र दरवाजे उघडायचे ठरले की नदीकाठच्या गावांना आधी खबर द्यावी लागते. भोंगा वाजतो, ध्वनिक्षेपकावरून पुकारा होतो, पोलीस पाटलांना फोन जातात आणि पुढचे काम माणसे तोंडाने करतात. सहा दरवाजे किती फुटांनी उचलले, विसर्ग किती हजार क्युसेक, कराडला कोयना कृष्णेला मिळते तिथे पाणी कुठवर आले, सांगलीत आयर्विन पुलाजवळ ते 40 फुटांची इशारा पातळी कधी गाठेल आणि 45 फुटांची धोका पातळी कधी, हे सारे पाटणपासून सांगलीपर्यंत घराघरांत बोलले जाते. 2019च्या ऑगस्टमध्ये आयर्विनजवळचे पाणी 57 फुटांच्या वर गेले, तेव्हा वेळेवर कळणे आणि उशिरा कळणे यांत किती अंतर असते ते या भागाने सोसून पाहिले. खबर पोहोचवण्याची ही सगळी साखळी कानांवर उभी आहे. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यापर्यंत ती पोहोचते ती कुणी घरात येऊन, खांद्याला हात लावून सांगेल तेव्हाच. पण आत आलेल्या त्या शेजाऱ्याला सांगता काय येते? ‘चल’ एवढे हाताने कळवता येईल. कुठे, किती वेळासाठी, जनावरे सोडायची की नाहीत, म्हातारी आई पुढे गेली आहे की मागे राहिली आहे, हे सांगायला भाषा लागते. ती भाषा शिकण्याची पहिली जबाबदारी ऐकू येणाऱ्यांची आहे, असे माझे म्हणणे आहे. एरवी हा सौजन्याचा विषय समजला जातो; कोयनेच्या खोऱ्यात तो सार्वजनिक सुरक्षेचा आहे.

भूकंप तर सगळ्यांना सारखाच जाणवतो, असे यावर कुणी म्हणेल. जाणवतो, यात शंका नाही. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात पाणी साठू लागल्यावर या परिसरात धक्के बसू लागले आणि 1963च्या सुमारास सुरुंगासारख्या आवाजांसह ते ठळकपणे लक्षात येऊ लागले. 11 डिसेंबर 1967च्या पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी मोठा धक्का बसला. पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली आणि कोयनानगरची वसाहत उद्ध्वस्त झाली. जमीन हलली ती बहिऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या पायांखाली एकाच क्षणी. फरक सुरू होतो तो त्यानंतरच्या मिनिटापासून. अंधारात नावाने हाका मारल्या जातात, कोणत्या भिंतीजवळ जाऊ नका ते ओरडून सांगितले जाते, धरण शाबूत आहे की नाही याची खबर येते, ती खोटी असेल तर मागून खुलासा येतो. ढिगाऱ्यावर उभे राहून ‘आत कोणी आहे का’ असे विचारले जाते आणि उत्तर आले तिथे आधी खणले जाते. ऐकू न येणारा माणूस ढिगाऱ्याखाली शुद्धीवर असला तरी त्या हाकेला ओ देऊ शकत नाही. 22 जुलै 2021च्या रात्री पाटण तालुक्यात आंबेघर, ढोकावळे आणि मिरगाव इथे दरडी कोसळल्या. घरात कोण कुठे झोपते आणि त्यांतल्या कुणाला हाक ऐकू जाणार नाही, हे अशा वेळी बचावाला आलेल्याला आधीच ठाऊक असायला हवे.

ही अपेक्षा माझ्या मनची नाही, ती कायद्यात आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 याचे आठवे कलम आपत्तीविषयी आहे. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातल्या दिव्यांग व्यक्तींची नोंद ठेवावी आणि धोक्याची माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचेल अशी योग्य व्यवस्था करावी, असे ते सांगते. याच कायद्यानुसार दोन्ही कानांची श्रवणक्षमता 70 डेसिबल किंवा त्याहून अधिक कमी असेल तर ती व्यक्ती बधिर ठरते. साधे बोलणे साधारण 60 डेसिबलचे असते, म्हणजे समोर बसून नेहमीच्या आवाजात बोललेलेही या व्यक्तीला ऐकू येत नाही. 2011च्या जनगणनेत ऐकण्याचे अपंगत्व नोंदवलेल्यांची संख्या देशात सुमारे 50 लाख होती. कायद्याने मागितलेल्या दोन गोष्टींपैकी पहिली, म्हणजे नोंद, कागदावर होऊ शकते. दुसरी, म्हणजे माहिती पोहोचवणे, सांगणाऱ्याच्या हातांत भाषा नसेल तर होऊच शकत नाही.

‘त्यात शिकायचे काय? हातवारे तर कुणालाही कळतात,’ हा या विषयावरचा सर्वांत जुना आणि सर्वांत घट्ट गैरसमज आहे. जेवायला ये, झोप, पैसे दे एवढे हातवाऱ्यांनी भागते, आणि भागते म्हणूनच पुढे काही शिकावेसे वाटत नाही. पण भारतीय सांकेतिक भाषा ही हातवाऱ्यांची बेरीज नव्हे. प्रत्येक खुणेत हाताचा आकार, हाताची जागा, हालचाल आणि तळव्याची दिशा ठरलेली असते. यातले एक बदलले तरी अर्थ बदलतो, जसा मराठीत एका व्यंजनाने बदलतो. अमेरिकेत विल्यम स्टोको यांनी 1960 साली तिथल्या सांकेतिक भाषेबद्दल हे दाखवून दिले आणि भाषाशास्त्राला आपली व्याख्या रुंद करावी लागली. भारतात 1970च्या दशकाच्या उत्तरार्धात मदन वसिष्ठ, जेम्स वुडवर्ड आणि त्यांचे सहकारी यांनी दिल्ली, कोलकाता, मुंबई आणि बंगळूर इथल्या खुणांचा अभ्यास हाती घेतला. वसिष्ठ स्वतः कर्णबधिर आहेत. शहरागणिक शब्द काहीसे बदलतात पण व्याकरण बरेचसे एक आहे, असे त्या आणि त्यानंतरच्या अभ्यासांतून दिसले. मेंदूकडूनही याला दुजोरा मिळतो. डाव्या मेंदूला इजा झाली की बोलणाऱ्या माणसाची वाचा बिघडते, तशीच खुणांनी बोलणाऱ्या बधिर माणसाची खुणांची भाषा बिघडते. हातांची ताकद शाबूत असतानाही हे घडते. म्हणजे मेंदूच्या लेखी ही भाषाच आहे, मग ती जिभेवर असो की बोटांवर.

मराठी माणसाला या भाषेचे व्याकरण परके वाटू नये. क्रियापद बहुधा शेवटी येते, तसे आपल्याकडेही येते. प्रश्नवाचक खूणही शेवटी येते. ‘तुझं नाव काय’ हा आपला क्रम तसाच्या तसा चालतो, ‘तू कुठे राहतोस’ मात्र ‘तू राहणे कुठे’ असे होते. काळ सांगायला क्रियापद बदलत नाही. ‘काल’, ‘उद्या’ आधी सांगून टाकायचे आणि मग उरलेले वाक्य. खरी नवलाई आहे ती जागेच्या वापरात. ‘आईने मुलाला पुस्तक दिले’ हे सांगताना आईला आपल्यासमोर एका बाजूला मानायचे, मुलाला दुसऱ्या बाजूला, आणि देण्याची खूण आईच्या जागेकडून मुलाच्या जागेकडे न्यायची. ‘ने’ आणि ‘ला’ या प्रत्ययांचे सारे काम ती दिशा करते. चेहऱ्याचे काम सजावटीचे नाही: भुवया उंचावल्या की तेच विधान होय-नाहीचा प्रश्न बनते, मान हलली की नकार होतो. म्हणून केवळ हाताच्या खुणा पाठ केलेला आणि चेहरा कोरा ठेवणारा माणूस बधिर व्यक्तीला अर्धवट बोलणारा वाटतो. आपल्यातल्या अनेकांना हेच जड जाते. मोठ्या माणसाने तोंड वेडेवाकडे करू नये असे लहानपणापासून शिकवलेले असते आणि इथे चेहरा हलवल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही. हा संकोच मोडायला शब्दसंग्रहापेक्षा जास्त वेळ लागतो, पण तो मोडतो.

मग एवढी पूर्ण भाषा हाताशी असताना बधिर मुलांना ती का शिकवली गेली नाही? 1880 साली इटलीतल्या मिलान शहरात बधिरांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. खुणांपेक्षा बोलण्याची पद्धत श्रेष्ठ आहे, असा ठराव तिथे झाला. ठराव करणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते. त्यानंतर पाचच वर्षांनी, 1885 साली, मुंबईत देशातली पहिली बधिरांची शाळा सुरू झाली. पुढची जवळजवळ शंभर वर्षे आपल्याकडेही मुलाला ओठ वाचायला आणि बोलायला लावणे हाच शिक्षणाचा कणा राहिला. त्या शाळांतल्या शिक्षकांच्या कष्टांना कमी लेखण्याचे कारण नाही. एकेक उच्चार बसवण्यासाठी त्यांनी आणि मुलांनी वर्षे घालवली. पण ओष्ठवाचनाची मर्यादा मराठीतच पाहा. आरशासमोर उभे राहून आवाज न काढता ‘पाप’, ‘बाप’, ‘माप’ असे म्हणा. ओठ तिन्ही वेळा हुबेहूब तसेच हलतात. क, ख, ग तर घशाजवळ घडतात, बाहेर काही दिसतच नाही. जो मुलगा भाषा आधीच जाणतो तो संदर्भावरून यातले बरेच भरून काढतो. ज्याला भाषा शिकायचीच आहे त्याने संदर्भ आणायचा कुठून? व्हँकुव्हरला 2010 साली भरलेल्या त्याच परंपरेतल्या परिषदेने मिलानचे ठराव नाकारले आणि त्यांनी झालेल्या हानीबद्दल खेद व्यक्त केला. मधल्या 130 वर्षांत ज्यांचे बालपण गेले त्यांना त्याचा उपयोग नव्हता.

डोंगरी भागात या इतिहासाला भूगोलाची जोड मिळते. बधिर मुलांपैकी फार मोठा भाग ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतो. पाटण किंवा जावळी तालुक्यातल्या दहा-पंधरा घरांच्या वाडीत असे मूल बहुधा एकटेच असते. आई आणि मूल मिळून घरापुरत्या काही खुणा तयार करतात. त्या प्रेमाच्या असतात, उपयोगीही असतात, पण उंबऱ्याबाहेर त्या कुणाला कळत नाहीत. पुढे मुलाला शहरातल्या निवासी शाळेत घातले तर वर्गात काहीही शिकवले जात असो, वसतिगृहात मुले एकमेकांकडून खुणांची खरी भाषा उचलतात. सुट्टीत मूल घरी येते तेव्हा त्याच्याकडे सांगायला खूप असते आणि ते समजेल असे घरात कुणी नसते. मूल शिकले, घर मागे राहिले. शाळा संपवून तो तरुण कायमचा वाडीवर परततो, तेव्हा ती भाषा बोलायला त्याला कुणी उरत नाही.

भाषा नसण्याची किंमत किती मोठी असू शकते, हे गीताच्या प्रकरणात साऱ्या देशाने पाहिले. ही बधिर मुलगी लहानपणी रेल्वेने पाकिस्तानात पोहोचली. कराचीतल्या एधी फाउंडेशनने तिला सांभाळले, ‘गीता’ हे नावही तिला तिथेच मिळाले. 26 ऑक्टोबर 2015 रोजी ती भारतात परतली. तिला घर आठवत होते. रेल्वे स्थानक, त्याच्याजवळचे रुग्णालय, नदीकाठचे देऊळ असे तपशील तिने इंदूरमध्ये सांकेतिक भाषेच्या दुभाष्यांना सांगितले. त्यांच्या मदतीने शोध मराठवाड्यात परभणीपर्यंत आला आणि 2021च्या मार्चमध्ये तिची आई महाराष्ट्रात सापडल्याच्या बातम्या आल्या. तिच्या स्मरणशक्तीत काही उणे नव्हते. लहानपणी घरच्यांशी वाटून घेतलेली भाषा नव्हती, त्यामुळे गावाचे नाव तिला कधी माहीतच झाले नाही, आणि भेटणाऱ्यांपैकी फार थोड्यांना तिचे सांगणे कळत होते. महापुरात माणसे छावणीत हलवली जातात, कुटुंबे वेगवेगळ्या गाड्यांत बसतात. छावणीत नाव नोंदवून घेणाऱ्याला खुणांची भाषा येत नसेल तर बधिर मुलाची अवस्था याहून निराळी कशी होईल?

आता आक्षेपांकडे येऊ. पहिला तंत्रज्ञानाचा. श्रवणयंत्रे सुधारली आहेत, लहान मुलांसाठी कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रिया सरकारी मदतीने होते, मोबाइलवर संदेश येतात. मग भाषा शिकण्याचा खटाटोप कशाला? इम्प्लांटने अनेक मुलांना बोली भाषा मिळाली आहे आणि ती मिळण्यासारखी असेल तर कोणत्याही मुलाला नाकारू नये. पण ती शस्त्रक्रिया लहान वयात करावी लागते, पुढे अनेक महिने वाणी उपचार लागतात, आणि यंत्राच्या बाहेरच्या भागाला चार्जिंग लागते. उपचारासाठी डोंगरातून कराड-साताऱ्याला नेमाने जाणे प्रत्येक घराला जमत नाही. शिवाय आज तिशी-चाळिशीत असलेल्या बधिर माणसासाठी तो दरवाजा बहुधा बंद झालेला आहे. पुरात चार दिवस वीज गेली की इम्प्लांटही मुके होते आणि मोबाइलही. लेखी संदेशाची अडचण आणखी खोल आहे. मराठी लिपी आपण कानाने आधी शिकलेल्या भाषेसाठी वापरतो; ज्याने मराठी कधी ऐकलीच नाही त्याला लिखित मराठी ही परभाषा आहे. ‘विसर्ग वाढवण्यात येत असून नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे’ हे वाक्य कागदावर लिहून त्याच्या हातात दिले म्हणून निरोप पोहोचला, असे समजता येत नाही. वयाच्या पहिल्या काही वर्षांत कोणतीही एक पूर्ण भाषा मिळाली तर पुढे लिखित भाषा चढवणे सोपे जाते, आणि बधिर मुलाला विनाअडथळा मिळू शकणारी पूर्ण भाषा खुणांची आहे. खुणा शिकवल्याने मूल बोलायचे थांबेल ही आईवडिलांना घातली जाणारी भीती म्हणूनच उलटी आहे.

दुसरा आक्षेप संख्येचा. गावात एक किंवा दोन बधिर माणसे, त्यांच्यासाठी साऱ्या गावाने भाषा शिकायची हे अव्यवहार्य नाही का? मॅसॅच्युसेट्सजवळच्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावर आनुवंशिक बधिरता जास्त होती. नोरा ग्रोस यांच्या 1985च्या अभ्यासानुसार एकोणिसाव्या शतकात बेटावर साधारण 155 माणसांमागे एक बधिर होता, चिल्मार्क या गावात 25 माणसांमागे एक. तिथे ऐकणारेही खुणांनी बोलत, मासेमारीच्या होड्यांवर आणि सभांमध्येही. बधिर माणसे तिथे सर्वांसारखी लग्ने करत, जमिनी घेत, गावकारभारात बोलत. कर्नाटकातल्या अलीपूर गावातही अशीच स्थानिक खुणांची भाषा आहे आणि ती ऐकणाऱ्यांतल्या अनेकांना येते. या गावांत प्रमाण मोठे होते म्हणून हे आपोआप घडले, हे मान्य. आपल्याकडे ते ठरवून करावे लागेल. पण साऱ्या गावाने साऱ्या खुणा शिकाव्यात असे कुणी म्हणत नाही. घरच्यांनी भाषा नीट शिकावी, शेजारच्या दोन घरांनी बोलण्यापुरती, आणि पोलीस पाटील, आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामसेवक व बचाव पथकातले तरुण यांनी कामापुरती. दक्षिण महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल अनेक समाजांत आहे, आणि जवळच्या नात्यातल्या लग्नांत जन्मजात बधिरतेची शक्यता वाढते. त्यामुळे एखाद्या भावकीत अशी माणसे दोन-तीनही निघतात. तिथे हे काम आधी हाती घ्यावे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: संकट बहुधा रात्री येते, वीज गेलेली असते, आणि खुणांना उजेड लागतो. खरे आहे, अंधारात सांकेतिक भाषा जवळजवळ बंद पडते. टॉर्चच्या उजेडात चेहरा आणि हात दिसतील असे उभे राहता येते, बधिर-अंध व्यक्तींशी बोलताना करतात तशी समोरच्याच्या तळहातावर खूण करता येते, पण हे उपाय तुटपुंजे आहेत. म्हणूनच भाषा आधी यायला हवी. दरड कोसळली तर कोणत्या वाटेने जायचे, दार कोण उघडणार, खांद्यावर दोनदा थाप पडली तर काय समजायचे, हे करार उजेडात बसून, सविस्तर बोलूनच होतात. ज्याच्याशी वर्षभर काही बोलणे झालेले नाही त्याला मध्यरात्री हाताला धरून ओढले तर तो घाबरतो, विरोध करतो, वेळ जातो. ओळखीच्या स्पर्शावर तो उठतो आणि चालू लागतो.

शिकण्याची साधने आता पूर्वीइतकी दुर्मीळ नाहीत. 2015 साली दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. त्याच्या व्हिडिओ शब्दकोशाच्या 2021च्या आवृत्तीत 10,000 शब्द आहेत आणि तो मोबाइलवर फुकट पाहता येतो. मुंबईत वांद्र्याला 1983पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था काम करते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने सांकेतिक भाषेला माध्यमिक स्तरावर विषयाचा दर्जा दिला आहे, आणि 2020चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण देशभर एक प्रमाण भाषा घडवतानाच स्थानिक खुणांचा मान राखावा असे सांगते. ही दुसरी गोष्ट खोऱ्यासाठी मोलाची आहे, कारण ‘धरण’, ‘वरचा माळ’, ‘सड्यावरची वाट’ यांच्या खुणा दिल्लीच्या कोशात सापडणार नाहीत. त्या इथल्या बधिर माणसांनाच ठरवाव्या लागतील. बाहेरची दोन उदाहरणे इथे कामाची आहेत. न्यूझीलंडने 2006 साली आपल्या सांकेतिक भाषेला अधिकृत दर्जा दिला. 2011च्या फेब्रुवारीत ख्राइस्टचर्चला भूकंप झाला, तेव्हा दूरचित्रवाणीवरच्या अधिकाऱ्यांच्या निवेदनांत शेजारी दुभाषा उभा होता. जपानच्या तोत्तोरी प्रांताने 2013 साली सांकेतिक भाषेसाठी स्वतंत्र नियमावली केली, आणि तीत भाषा पसरवण्याची जबाबदारी प्रशासनावर टाकली. भूकंपाशी रोजचा संबंध असलेल्या या दोन्ही ठिकाणांहून आपल्याकडे भूशास्त्राचे ज्ञान येतच असते. कराडजवळ हजारमाचीला कोयनेच्या खडकांच्या अभ्यासासाठी केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे, आणि जमिनीत खोलवर भोके पाडून हालचाली टिपल्या जात आहेत. इशारा देण्याच्या विज्ञानावर एवढा खर्च होत असताना इशारा पोहोचवण्याच्या भाषेवर त्याचा लहानसा भागही पुरेल.

सातारा आणि सांगलीच्या जिल्हा प्रशासनाने पावसाळ्यापूर्वीच्या आढावा बैठकीत यासाठी काय ठरवावे, तेही सांगता येते. आठव्या कलमाप्रमाणे नोंद करताना ‘श्रवणदोष’ एवढ्यावर न थांबता ही व्यक्ती कोणती भाषा वापरते आणि तिच्याशी बोलू शकणारे जवळचे माणूस कोण, हे दोन रकाने वाढवावेत. विसर्गाच्या सूचनांचे सांकेतिक भाषेतले छोटे व्हिडिओ उन्हाळ्यातच तयार करून ठेवावेत. दरवर्षी आकडे बदलतात, सूचना त्याच असतात. आपदा मित्र स्वयंसेवकांच्या आणि होमगार्डच्या प्रशिक्षणात खुणांचे तास घालावेत. आणि हे तास घ्यायला बधिर माणसांनाच मानधन देऊन बोलवावे. दिल्लीच्या केंद्रात बधिर व्यक्तींना ही भाषा शिकवण्याचे दोन वर्षांचे पदविका शिक्षण मिळते, पण पाटणच्या तहसील कार्यालयात आठवड्यातून दोन संध्याकाळी पन्नास-साठ खुणा शिकवायला त्या पदविकेची वाट पाहायची गरज नाही. निवासी शाळेतून शिकून वाडीवर परतलेला आणि आज रोजंदारीवर जाणारा तरुण ते करू शकतो. शिकणाऱ्यांपैकी प्रत्येकाला तो बहुधा पहिल्याच दिवशी, चेहऱ्यावरचा एखादा विशेष हेरून, एक नामखूण देईल. बधिर समाजात माणसाची ओळख अशीच होते. त्यानंतर पोलीस पाटील त्याच्या दारात येईल तेव्हा कोण आले आहे हे त्याला कळेल, आणि काय सांगायचे आहे हेही.